कच्चें चित्र आणि पक्कें चित्र

छायाचित्र टिपणें आणि छायाचित्र घडविणें या दोन निराळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेपासून जाणत्यांना ठाऊक आहे. परंतु सामान्य संसारी माणसाच्या ध्यानांत ती क्वचितच येते. एकाद्या समारंभांत कोणी खिशांतून मोबाईल काढतो, कांचेवर बोट टेकवितो आणि पापणी लवते न लवते तोंच रंगीत, रेखीव चित्र समोर उभें राहतें. टिपणें आणि घडविणें यांमधलें अंतर इतकें आखडलें आहे कीं, तें मुळीं उरलेंच नाहीं असें वाटावें. प्रत्यक्षांत तें अंतर आहेच. त्या क्षणार्धांत रंग ठरविले जातात, अंधार उजळला जातो, वस्तूंच्या कडा धारदार केल्या जातात आणि जें अनावश्यक वाटलें तें कायमचें टाकून दिलें जातें. हे निर्णय कोण घेतो, आणि कोणत्या आधारावर? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास दोनशें वर्षांच्या घरांत जाणारा इतिहास चाळावा लागतो. आणि त्या इतिहासाचा आरंभ संगणकापाशीं होत नाहीं, तो कागद, मीठ आणि चांदी यांपाशीं होतो.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे इंग्लंडांतील एक विद्याव्यासंगी गृहस्थ. लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्याच्या एका खिडकीची त्यांनीं ऑगस्ट १८३५ मध्यें घेतलेली इवलीशी निगेटिव्ह आजही जपून ठेवलेली आहे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यांची पद्धति जाहीर झाली; तिच्यांत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅल्बट यांचा मार्ग वेगळा होता. त्यांच्या कागदावर पांढरें तें काळें व काळें तें पांढरें असें उलटें चित्र उमटे, आणि त्यावरून सुलटीं चित्रें हवीं तितकीं छापतां येत. १८४० च्या सप्टेंबरांत त्यांना आणखी एक गोष्ट आढळून आली. थोडाच वेळ प्रकाश लागलेल्या कागदावर डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. परंतु योग्य रसायन लावतांच त्यांत दडलेलें चित्र हळूहळू वर येऊं लागतें. म्हणजे प्रकाशाची नोंद एका वेळीं आणि त्या नोंदीचें चित्र दुसऱ्या वेळीं, अशी कामाची फाळणी झाली. नोंद कच्ची असे. तिला पक्कें रूप देणें हें मागाहून, अंधारखोलींत, माणसाच्या हातून होई.

ही दुसरी क्रिया मोठ्या कष्टाची होती. रसायनांचे डाग, मोजमापाच्या कटकटी आणि वारंवार येणारें अपयश यांमुळें ती हौशी आणि धंदेवाईक मंडळींपुरतीच राहिली. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं कोडॅक नांवाची पेटी विकावयास काढली आणि ही स्थिति पालटली. पेटींत शंभर चित्रांपुरती फिल्म आधींच भरलेली असे; किंमत २५ डॉलर. शंभर चित्रें संपलीं कीं सबंध पेटीच रॉचेस्टर येथील कारखान्याकडे धाडावयाची. १० डॉलरांत चित्रें तयार होऊन येत व पेटींत नवी फिल्मही भरून मिळे. गृहस्थाच्या वांट्याला फक्त कळ दाबण्याचें काम उरलें. चित्र घडविण्याच्या क्रियेचें हें पहिलें मोठें यांत्रिकीकरण होय. त्यानें छायाचित्रण घरोघर पोंचविलें, हा त्याचा उपकार लहान नाहीं. तथापि छाप किती गडद असावा, चेहरा उजळावा कीं आभाळ राखावें, हे प्रश्न आतां गिऱ्हाइकाला कोणी विचारीत नसे. सोय घरांत आली आणि निर्णय घराबाहेर गेला. त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट ही कीं, पुढील काळांत घरोघर चित्रांच्या पाकिटांत निगेटिव्हचे तुकडेही जपले जात. त्यामुळें निराळ्या हातून, निराळ्या रीतीनें पुन्हा छाप काढवून घेण्याचा मार्ग खुला राही.

या खुल्या मार्गाचें महत्त्व किती आहे, हें अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या एका चित्रावरून चांगलें ध्यानांत येतें. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं सायंकाळीं न्यू मेक्सिको प्रांतांतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला त्यांना दिसला. मावळत्या सूर्याचे किरण दफनभूमींतील पांढऱ्या क्रूसांवर शेवटचे रेंगाळत होते. प्रकाश मोजण्याचें यंत्र ऐन वेळीं सांपडेना; तेव्हां चंद्राची तेजस्विता किती असते हें मनाशीं आठवून त्यांनीं हिशेब केला आणि एक चित्र घेतलें. दुसरें घेण्यापूर्वींच क्रूसांवरील उजेड गेला. हाताशीं राहिली ती एकच निगेटिव्ह, तीही छापावयास अवघड. १९४८ सालीं त्यांनीं रसायनाच्या साहाय्यानें तिचा खालचा भाग अधिक घट्ट केला. सुरुवातीच्या छापांत आकाश करडें असून त्यांत ढगांच्या रेषा दिसतात. पुढच्या छापांत तेंच आकाश जवळजवळ काळेंभोर झालें आहे आणि चंद्र एकाकी तळपत आहे. नोंद तीच, परंतु चित्रें अनेक. ॲडम्स यांनीं तरुणपणीं पियानोवादनाचा अभ्यास केला होता. त्यामुळें निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली संहिता आणि छाप हें तिचें प्रत्यक्ष वादन, अशी उपमा ते देत असत. डिजिटल काळांतील 'रॉ' फाईल म्हणजे काय, हें समजावयास याहून सोपें साधन नाहीं.

अंधारखोलींतील मंडळींना आणखी एका गोष्टीची चिंता असे, ती म्हणजे रेखीवपणाची. भिंग कितीही चांगलें असलें तरी नोंद होतांना कडा थोड्या मऊ पडतातच. यावर १९३० च्या दशकांत जर्मनींत एक विलक्षण युक्ति प्रचारांत आली. मूळ निगेटिव्हवरून प्रथम एक फिकें सुलटें चित्र दुसऱ्या फिल्मवर घ्यावयाचें; तें घेतांना दोहोंमध्यें कांच किंवा तत्सम पारदर्शक थर ठेवावयाचा, म्हणजे तें मुद्दामच अस्पष्ट येतें. मग हें धुरकट चित्र मूळ निगेटिव्हवर तंतोतंत बसवून दोहोंमधून प्रकाश सोडावयाचा आणि छाप घ्यावयाचा. ढोबळ छायाप्रकाश एकमेकांस बराचसा मारतात. परंतु जेथें बारीक कड आहे तेथें धुरकट चित्रापाशीं ती कडच नसल्यामुळें तेथील भेद शाबूत राहतो. नंतर भेद वाढवून दाखविणाऱ्या कागदावर छाप घेतला कीं, कडा उठून दिसतात. या युक्तीला 'अनशार्प मास्क' म्हणजे अस्पष्ट आवरण असें नांव पडलें. ज्या क्रियेनें चित्र रेखीव होतें तिच्या नांवांत अस्पष्टता कां, असा जो प्रश्न आज संगणकावर काम करणाऱ्या नवशिक्यांना पडतो, त्याचें उत्तर हें असें आहे.

ही युक्ति डोळ्यांना पटते याचें कारण डोळ्यांच्याच स्वभावांत आहे. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनीं १८६५ सालीं दाखवून दिलें कीं, एक छटा दुसऱ्या छटेला जेथें मिळते तेथें उजळ बाजूस अधिक उजळ आणि गडद बाजूस अधिक गडद अशी पट्टी मनुष्याला दिसते. कागदावर ती नसते. सीमा ठसठशीत करून पाहणें ही दृष्टीची उपजत संवय आहे. अस्पष्ट आवरण हेंच काम कागदावर आधींच करून ठेवतें. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: रेखीवपणा वाढविणें म्हणजे चित्रांत नवा तपशील आणणें नव्हे, असलेला तपशील अधिक ठळक दिसेल अशी व्यवस्था करणें होय. ही मर्यादा ओळखून ती युक्ति वापरली असतां तिचा उपयोग मोठा होतो. ऑस्ट्रेलियांतील वेधशाळेंत डेव्हिड मॅलिन यांनीं याच अंधारखोलीच्या पद्धतीनें तारकासमूहांच्या कांचांवरील दडलेला तपशील उजेडांत आणला.

यानंतर चित्राचें रूपच पालटलें. त्याचे आंकडे झाले. १९५७ सालीं अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें. त्यांत आडव्या व उभ्या दिशेस प्रत्येकीं १७६ ठिपके होते. १९६५ च्या जुलैंत मरिनर ४ या यानानें मंगळाजवळून जातांना चित्रें घेतलीं. एकेक चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचें, आणि प्रत्येक ठिपका ६४ छटांपैकीं एक. तीं पृथ्वीवर इतक्या संथ गतीनें येत कीं एका चित्राला आठ तासांहून अधिक वेळ लागे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतील अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनीं आलेले आंकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, त्या पट्ट्या भिंतीवर शेजारीं शेजारीं लावल्या आणि प्रत्येक आंकड्याला एक रंग ठरवून रंगीत खडूंनीं तें चित्र हातानें भरून काढलें. कच्च्या आंकड्यांना रूप देण्यासाठीं कोणीतरी नियम ठरवावाच लागतो, हें त्या भिंतीवर जितकें उघड झालें तितकें क्वचितच कोठें झालें असेल. याच प्रयोगशाळेंत पुढें चंद्राचीं व ग्रहांचीं चित्रें गणितानें स्वच्छ आणि रेखीव करण्याचें शास्त्र वाढीस लागलें.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेच्या भारांत रूपांतर करून तो मोजून देणारी 'सीसीडी' ही पट्टी कल्पिली. २००९ सालीं त्यांना तीबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील तरुण अभियंते स्टीव्ह सॅसन यांनीं अशी पट्टी बसवून पहिला हातांत धरतां येणारा डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचें, कृष्णधवल. आणि तें कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. रंगांची अडचण त्याच कंपनींतील ब्राइस बेयर यांनीं सोडविली. त्यांचें पेटंट १९७६ सालीं मंजूर झालें.

बेयर यांची योजना समजून घेणें अगत्याचें आहे. कारण 'रॉ' फाईल कच्ची कां, हें तिच्यावरूनच कळतें. कॅमेऱ्यांतील पट्टीला रंग कळत नाहीं. तिला फक्त उजेडाचें प्रमाण कळतें. म्हणून बेयर यांनीं तिच्यावर रंगीत गाळण्यांचा एक पट बसविला. बुद्धिबळाच्या पटावरील एका रंगाचीं सारीं घरें घेतलीं तर तीं हिरव्या गाळणीचीं. उरलेल्या घरांत एका ओळींत तांबडी, तर पुढच्या ओळींत निळी गाळणी. अर्धीं घरें हिरवीं, पाव तांबडीं आणि पाव निळीं. माणसाच्या डोळ्यांना बारकावा मुख्यतः हिरव्या प्रकाशाच्या आधारें कळतो, म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. याचा अर्थ असा कीं, प्रत्येक ठिपक्यापाशीं तीन रंगांपैकीं एकच रंग खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या आंकड्यांवरून अनुमानानें भरावे लागतात. एवढ्यानें काम संपत नाहीं. दिव्याचा पिवळा उजेड आणि दुपारचें ऊन यांत पांढरा कागद वेगवेगळा मोजला जातो; तेव्हां पांढरें कशाला म्हणावयाचें तें ठरवावें लागतें. पट्टी प्रकाश सरळ हिशेबानें मोजते, डोळा तसा मोजीत नाहीं. म्हणून काळोखे भाग उचलून घ्यावे लागतात. शिवाय शेजाऱ्यांच्या सरासरीनें कडा मऊ पडतात. कपड्याच्या विणींत वा जाळींत खोट्या लहरी दिसूं नयेत म्हणून अनेक कॅमेऱ्यांत पट्टीपुढें जो धूसर करणारा पडदा बसवीत, त्यानेंही त्या मऊ होतात. सारांश, कच्च्या नोंदीवर कांहींही संस्कार न करतां पाहावयाचें म्हटलें तर अंधुक, हिरवट, मऊ असें कांहींतरी दिसेल. त्याला चित्र म्हणणें कठीण.

हे सारे संस्कार कॅमेरा स्वतःच करूं शकतो, आणि बहुधा करतोही. शेवटीं तो चित्र 'जेपेग' या रूपांत दाबून ठेवतो. १९९२ सालीं प्रमाण ठरलेल्या या पद्धतीच्या मुळाशीं जें गणित आहे, तें बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं नटराजन व राव या सहकाऱ्यांसमवेत १९७४ सालीं प्रसिद्ध केलें होतें. डोळ्यांना ज्याची उणीव भासणार नाहीं तें टाकून द्यावयाचें, हें या पद्धतीचें मर्म. कच्च्या नोंदींत प्रत्येक ठिपक्याला ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमींच्या जेपेगमध्यें प्रत्येक रंगाला २५६ उरतात. जागेची बचत प्रचंड होते, आणि जेपेग नसतें तर चित्रांची आजची देवघेव शक्यच झाली नसती. परंतु टाकलेलें परत येत नाहीं. आकाश पांढरें पडलें तर पांढरेंच राहतें. ज्यांना हा निर्णय कॅमेऱ्यावर सोंपवावयाचा नव्हता, ते कच्ची नोंदच जपूं लागले.

ती नोंद घडविण्याचीं हत्यारें कोठून आलीं, याचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मिशिगन येथें थॉमस व जॉन नोल हे दोघे बंधु. वडील विद्यापीठांत प्राध्यापक, छायाचित्रणाचे शौकीन. घराच्या तळघरांत त्यांनीं अंधारखोली थाटलेली. थॉमस यांनीं छाप काढण्याचे संस्कार तेथेंच आत्मसात केले. १९८७ सालीं संशोधन करीत असतां त्यांनीं पडद्यावर करड्या छटा दाखविणारें एक लहान सॉफ्टवेअर लिहिलें. बंधूंच्या आग्रहानें तें वाढत गेलें, आणि फेब्रुवारी १९९० मध्यें 'फोटोशॉप' या नांवानें बाजारांत आलें. अंधारखोलींतील अस्पष्ट आवरण त्यांत जुन्या नांवासकट दाखल झालें. आतां धुरकट प्रत फिल्मवर न घेतां आंकड्यांत काढली जाऊं लागली. किती जोर द्यावा, कडेपासून किती अंतरापर्यंत द्यावा, आणि किती फरक असला म्हणजे तिला कड मानावें, असे तीन आंकडे भरले कीं काम होई. पुढें कच्च्या नोंदी उघडण्याचें 'कॅमेरा रॉ' हें साधनही थॉमस नोल यांनींच सिद्ध केलें; तें २००३ सालीं बाहेर पडलें.

यांत एक गंभीर अडचण होती. प्रत्येक कंपनी आपल्या कॅमेऱ्याची कच्ची नोंद आपल्या निराळ्या लिपींत लिही आणि ती लिपी इतरांना सांगत नसे. डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रामरनें १९९७ पासून अशा लिप्या एकामागून एक उलगडून 'डीसीरॉ' हें सॉफ्टवेअर सर्वांना मोफत दिलें. त्याच्या आधारावर पुढें अनेक साधनें उभीं राहिलीं. २००४ सालीं अडोबी कंपनीनें 'डीएनजी' ही खुली लिपी जाहीर केली. २००५ सालीं एका प्रसिद्ध कॅमेऱ्याच्या फाइलींत पांढऱ्या रंगाचा आंकडा कुलुपबंद आढळला तेव्हां छायाचित्रकारांत मोठा क्षोभ झाला. चित्र ज्यानें घेतलें त्याची नोंद त्यालाच वाचतां येऊं नये, आणि कंपनी बंद पडली तर ती कोणालाच वाचतां येऊं नये, ही भीति त्या क्षोभामागें होती. नोंद कोणाची, हा प्रश्न तेव्हां प्रथमच इतक्या स्पष्टपणें पुढें आला.

दुसरी अडचण संख्येची. अंधारखोलींत एका रात्रींत पांचसात उत्तम छाप निघाले तरी धन्यता वाटे. डिजिटल कॅमेरा एका लग्नांत हजार चित्रें सहज घेतो. म्हणून १९९६ सालच्या फोटोशॉपमध्यें 'ॲक्शन' ही सोय आली तेव्हां धंदेवाईक मंडळींनीं तिचें मनापासून स्वागत केलें. एका चित्रावर जे संस्कार केले त्यांची क्रमवार नोंद संगणक ठेवतो आणि सांगितल्यावर तीच मालिका सबंध संचावर चालवितो. रात्रीं काम लावून द्यावें आणि सकाळीं हजार चित्रें तयार मिळावीं, अशी सोय झाली. तथापि या सोयीबरोबर तिचा दोषही लवकरच दिसूं लागला. वृद्धेच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या, जरीचा पदर आणि मागची धूसर भिंत या तिहींना एकच मात्रा दिली, तर पदर शोभतो, चेहरा राठ होतो आणि भिंतीवर कमी उजेडांतले खोटे कण उसळून येतात. मात्रा फार झाली तर प्रत्येक आकृतीभोंवतीं पांढुरकें वलय दिसूं लागतें.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ब्रूस फ्रेझर या लेखकांनीं केला. २००६ सालीं त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं या एकाच विषयावर त्यांचा ग्रंथ निघाला. रेखीवपणा एकदांच शेवटीं न देतां तीन टप्प्यांनीं द्यावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पहिला टप्पा टिपतांना पडलेला मऊपणा भरून काढण्यापुरता, अगदीं हलका. दुसरा चित्राच्या अर्थासाठीं: डोळे, दागिना, अक्षर असें जेथें लक्ष वेधावयाचें तेवढ्याच जागीं, आणि म्हणून तो माणसानेंच द्यावयाचा. तिसरा चित्र जेथें पाहिलें जाणार त्यासाठीं, आकार ठरल्यानंतर. यांतील तिसऱ्या टप्प्याचें कारण साधें आहे. तीन ठिपके रुंदीचें वलय पडद्यावर डोळ्यांत खुपतें. इंचाला ३०० ठिपके अशा छापांत तेंच इंचाच्या शंभराव्या भागाएवढें होऊन जिरून जातें. पहिला आणि तिसरा टप्पा यंत्राला शिकवितां येतो, कारण तेथें कॅमेरा, आकार आणि कागद ठाऊक असतात. दुसरा शिकवितां येत नाहीं. तेथें काय महत्त्वाचें आहे हें ज्याचें त्यालाच ठाऊक. यांत्रिकीकरणाची सीमारेषा इतकी नेमकी क्वचितच कोणी आंखली असेल.

गणितानें चित्र किती सुधारावें यालाही निसर्गाची मर्यादा आहे, हें हबल दुर्बिणीनें शिकविलें. एप्रिल १९९० मध्यें अंतराळांत गेलेल्या या दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारें दोन सहस्रांश मिलिमीटर अधिक घांसली गेली होती. तेवढ्यानें तारे पसरट दिसूं लागले. रिचर्डसन व लूसी यांनीं १९७२ व १९७४ सालीं मांडलेल्या गणिती पद्धतीनें शास्त्रज्ञांनीं कित्येक चित्रें बरींच सुधारलीं. तेजस्वी वस्तूंच्या बाबतींत यश आलें. परंतु अंधुक वस्तूंचा जो प्रकाश इतस्ततः विखुरला तो गणितानें गोळा होईना. अखेर डिसेंबर १९९३ मध्यें अंतराळवीरांनीं जाऊन दुर्बिणीला जणूं चष्माच बसविला. नोंदींत जें आलें नाहीं तें संस्कारानें निर्माण होत नाहीं, हा धडा तेव्हां शास्त्रज्ञांनीं घेतला.

फेब्रुवारी २००७ मध्यें 'लाइटरूम' हें सॉफ्टवेअर निघालें. अंधारखोलीच्या नांवाशीं उलटा मेळ साधणारें हें नांव सहेतुक होतें. त्यांतील पद्धति मागल्यापेक्षां मूलतः निराळी: मूळ कच्च्या नोंदीला हात लागतच नाहीं, कोणते संस्कार करावयाचे याची यादी तेवढी बाजूस लिहून ठेवली जाते, आणि चित्र पाहावयाच्या वेळीं ती यादी चालविली जाते. यादी बदलली कीं चित्र बदलतें, आणि ती पुसली कीं मूळ नोंद जशीच्या तशी समोर येते. याचा एक अनपेक्षित लाभ पुढें दिसून आला. २०१० व २०१२ सालीं या सॉफ्टवेअरमधील संस्कारांची पद्धतच सुधारली, तेव्हां पूर्वीं टिपलेल्या जुन्या कच्च्या नोंदींवर नवी पद्धति चालवितां आली. आणि खोटे कण कमी, तपशील अधिक अशीं चित्रें त्याच जुन्या नोंदींतून निघालीं. ज्यांनीं त्या वेळीं फक्त जेपेग ठेवलें होतें त्यांना हा लाभ मिळाला नाहीं.

मग प्रश्न उरला तो सत्याचा. चित्र घडविलेंच जातें, तर त्यावर विश्वास किती ठेवावा? २०१५ साल या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं 'वर्ल्ड प्रेस फोटो' या वृत्तचित्रांच्या स्पर्धेंत उपांत्य फेरीपर्यंत पोंचलेल्या चित्रांपैकीं सुमारें २० टक्के चित्रें, मूळ नोंदींशीं ताडून पाहिल्यावर, फेरफारामुळें बाद करण्यांत आलीं. तेथें कच्ची नोंद साक्षीदार ठरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना नेमकें उलट कळविलें: कच्च्या नोंदींवरून घडविलेलीं चित्रें पाठवूं नयेत, कॅमेऱ्यानें स्वतः बनविलेलें जेपेगच धाडावें. कारण दोन दिलें होतें, वेग आणि सचोटी. वरकरणीं या दोन भूमिका परस्परविरोधी दिसतात. एका संस्थेनें कच्ची नोंद पुरावा म्हणून मागितली. दुसरीनें माणसाच्या हातांतला संस्कार टाळून यंत्राचा संस्कार पत्करला. परंतु कॅमेऱ्याचें जेपेगही घडविलेलेंच असतें. तें घडविणारा मनुष्य रणांगणावर किंवा रस्त्यावर हजर नसतो, तो पूर्वीं कधींतरी दूरच्या कचेरींत बसून नियम लिहून गेलेला असतो, इतकाच काय तो भेद. यंत्राच्या संस्काराला पक्षपात नसतो असें नाहीं. तो सर्वांवर सारखा चालतो आणि त्याच्यामागचा हात दिसत नाहीं.

आज मोबाईलमध्यें हा अदृश्य हात पूर्वींपेक्षां पुष्कळ पुढें गेला आहे. एका बोटाच्या स्पर्शानें तो एकापेक्षां अधिक कच्च्या नोंदी घेतो, त्या एकमेकींवर बसवितो, चेहरा कोणता व आभाळ कोणतें हें ओळखतो आणि प्रत्येकाला निराळी मात्रा देतो. लाखो चित्रांवरून शिकविलेलीं यंत्रें आतां कडेपाशीं काय असावें याचें अनुमानही करूं लागलीं आहेत. ज्या दुसऱ्या टप्प्यासाठीं फ्रेझर यांनीं माणसाचा हात राखून ठेवला होता, त्यांतही यंत्रानें असा प्रवेश केला आहे. यामुळें रात्रीच्या अंधारांतलीं चित्रें चांगलीं येऊं लागलीं हें मान्य करावयास हवें. परंतु अस्पष्ट आवरण असलेली कडच ठळक करी. नवें यंत्र नसलेली कडही शोभेशी भरूं शकतें. लग्नांतल्या चित्रांत याचें फारसें बिघडत नाहीं. अपघाताच्या जागेचें चित्र, न्यायालयांत दाखवावयाचें चित्र, डॉक्टरला पाठविलेलें त्वचेचें चित्र यांत मात्र मोजलेलें किती आणि अनुमानलेलें किती, हें विचारण्याची वेळ येते.

म्हणून यंत्राचा त्याग करावा असें कोणी म्हणणार नाहीं. ईस्टमन यांची पेटी कोणी परत केली नव्हती, आणि हजार चित्रें हातानें घडविण्याइतका वेळ आज कोणापाशीं नाहीं. इतिहासावरून निघणारा बोध त्याहून साधा आहे. महत्त्वाच्या प्रसंगाची कच्ची नोंद जपावी. ती शक्य तो खुल्या लिपींत जपावी. संस्कारांची यादी तिच्यापासून वेगळी ठेवावी. आणि वारसांना दोन्ही मिळतील अशी तजवीज करावी. पुष्कळ मोबाईलांत कच्ची नोंद ठेवण्याची सोय असते. घरांतील कोणी वडील मंडळी, एकादें मंगलकार्य, पडावयास आलेला वाडा यांचीं चित्रें घेतांना तेवढी ती चालू करणें फारसें अवघड नाहीं. ॲडम्स यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत इलेक्ट्रॉनिक चित्रांच्या आगमनाची उत्सुकतेनें वाट पाहत असल्याचें लिहिलें होतें. त्यांना यंत्राची भीति वाटली नाहीं, कारण हर्नांडेझची निगेटिव्ह त्यांनीं चाळीस वर्षें सांभाळली होती आणि ती हातीं असेपर्यंत आकाश किती काळें करावयाचें हें त्यांचें त्यांना ठरवितां येत होतें.